जीभ दाखवा

बहात्तरच्या दुष्काळामागोमाग सोलापुरात पटकी, म्हंजे कॉलरा शिरला, तवा मी भवानी पेठेतल्या एका दवाखान्यात अफूवाल्यांना अफूचीच गोळी द्यायची. गोळी बारीक बारीक करत अफू सोडवायची, हे तितलं काम. नेम एकच, आमच्यासमोर गिळायची आन् जीभ दाखवायची. पटकी आली आन् म्हातारी माणसं रांगेतच एकमेकांच्या अंगावर ओकायला लागली, तशी मी डॉक्टरांशी कडाकडा भांडले. "घरपोच द्या. न्हाईतर रांगेतच मरतील की." ऐकलं बिचाऱ्यानं. मग गोळ्या घेऊन दारोदार मीच फिरायची. आत शिरायचं न्हाई, दाराच्या फटीतनं जीभ बघायची.

विणकर गुरप्पा माझा लाडका. लई कुरकुऱ्या, पण अफू निम्म्यावर आणली होती गड्यानं. गोळी चुकली की त्याला जुलाब लागायचे, आन् जुलाब दिसले की पटकीची गाडी उचलून न्यायची. तितनं कोण परत येतंय? म्हणून त्याचं दार मी कधी चुकवलं न्हाई. फटीत गोळी धरायची, ती आत जायची, मग काळपट जीभ दिसायची. लगेच आत मागाची फळी धप्पकन वाजायची. "बसा विणत," मी म्हणायची, "मरण आलं तरी धोटा सोडू नका."

एका सकाळी गाडीवाला कासीम भेटला. म्हणाला, "गुरप्पाला तर आमी मागल्या बेस्तरवारीच नेला. दुसऱ्या दिवशी गेला की त्यो."

"येड लागलंय का तुला? आत्ता जीभ बघून आले मी."

नेम गेला चुलीत म्हणत मी माघारी गेले आन् दार ढकललं.

दाराआड त्याची बायको निंगव्वा बसली होती. ओठ काळे. माग पार पलीकडच्या भिंतीला, रिकामा.

"तू खातीस व्हय गं?"

"मालक कण्हत्यात अक्का." तिनं मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्याकडं बोट केलं. "मी खाल्ली की गप बसत्यात. आता न्हाई खाल्ली तर माजंबी अंग मोडून येतंय."

मला रडूच फुटलं. गुरप्पा वाचावा म्हणून मी नेम बदलून घेतला, त्यो तर गेलाच, आन् अफूनं हिला धरलं. मी तिचा हात ओढला. "चल दवाखान्यात. तुझीबी सोडवू."

"मग मालकांना कोण देणार?"

पिशवीतली एक गोळी मागाच्या काठावर ठेवली, तिला बाहेर काढलं आन् दार ओढून घेतलं. आत फळी वाजली.

सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "जीभ दाखवा."

निंगव्वा माझ्या शेजारी उभी होती, तोंड घट्ट मिटून. फटीत काळपट जीभ दिसली.