भागिरथीची अक्षरं आणि मी

मी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो. जुनी म्हणून कुणी कीव करायला आलं असेल तर त्यानं आल्या पावली परत जावं. कीव करून घ्यायची मला सवय नाही. लोक मला कॉम्प्युटर म्हणतात. पण नागापूरच्या कारखान्यातले कामगार मला मशीनच म्हणायचे, म्हणून मीही स्वतःला बाईमाणूस समजत आले आणि बाईमाणसासारखीच राबले.

माझा जन्म त्र्याण्णव सालचा. पुण्यात कुठल्याशा गाळ्यात दोन माणसांनी मला स्क्रू पिळून उभी केली. तिथून टेम्पोत बसून मी नागापूरला आले, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात. काय माझा थाट होता म्हणून सांगू! माझ्या खोलीत येताना साहेबसुद्धा चपला बाहेर काढायचे. बाहेर लेथवर माणसं घामानं निथळत होती आणि मला मात्र थंड हवा. संध्याकाळी माझ्या अंगावर फुलाफुलांचं कापड घालायचे. खंडेनवमीला पहिला हार मला, मग बाकीच्यांना. मी काय करत होते, तर पत्रं टाइप करत होते. पण मान असा की जणू अख्खा कारखाना मीच चालवते.

चार वर्षांनी माझ्यापेक्षा चपळ मशीन आली आणि मला तेलाच्या डब्यांशेजारी टाकून दिलं. ज्या हातांनी हार घातला, त्याच हातांनी माझ्या डोक्यावर गंजलेल्या पट्ट्या ठेवल्या. माणसाची जात अशीच. मी तेव्हाच ओळखली, पण शहाणपण मात्र आलं नाही.

तिथला वायरमन होता महेंद्र. माझी वायर सैल झाली की त्यालाच बोलावायचे. पत्र टाइप करणारे माझ्या पडद्याकडे बघायचे, हा मात्र माझं झाकण उघडून आत बघायचा. भंगारवाल्याची गाडी आली त्या दिवशी त्यानं साहेबांना विचारून मला मागून घेतलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं. दोन खोल्यांचं घर. दारात त्याची आई उभी. तिचं नाव भागिरथी. मला बघून ती म्हणाली, "भाकरीच्या टोपल्याला जागा न्हाई आन् हे धूड कुठं ठिवतू?"

मला राग आला. पण खरं सांगते, तिचा आवाज ऐकून हेही वाटलं की बाई आपल्या तोडीची आहे.

महेंद्रला एक नाद होता. एका मासिकाबरोबर त्याला चकचकीत तबकडी मिळाली होती, तिच्यात लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली होती. ती तबकडी वाचायची सोय माझ्यात नव्हती. मग तो दर रविवारी सायकलवरून शहरात जायचा. तिथं हर्षल सर नावाच्या माणसाचा कॉम्प्युटर क्लास होता. त्यांच्या मशीनवरून तो थोडं थोडं फ्लॉपीत उतरवून आणायचा. आठवी फ्लॉपी खराब निघाली की पुन्हा पुढच्या रविवारी खेप. अशा पाच-सहा खेपांनंतर एकदाची ती प्रणाली माझ्या अंगात उतरली. कारखान्यात मी हुकमाची चाकर होते. इथं महेंद्रनं मला आतून बाहेरून समजून घेतलं. चूक झाली तर तो मला शिव्या देत नसे, स्वतःचं कुठं चुकलं ते शोधत बसे. अशी माणसं थोडी.

एवढं करून हे मिळतं कितीला, असं आईनं एकदा विचारलं. महेंद्र म्हणाला, फुकट.

"फुकट म्हंजी? कुनी केलं मंग?"

त्यानं तिला समजावलं की एकानं सुरू केलं, जगातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. कुणीही घ्यावं, बदलावं, पुढं द्यावं. फक्त ज्यानं केलं त्याचं नाव पुसायचं नाही.

भागिरथी म्हणाली, "म्हंजी इरजान."

मित्रांनो, विरजण तुम्हाला ठाऊक आहे. दही लावायला शेजारणीकडून चमचाभर मागून आणायचं. त्याला कुणी नाही म्हणत नाही आणि दिल्यानं देणारीचं दही कमी होत नाही. पण भागिरथीनं मग जे सांगितलं ते तुम्हाला ठाऊक नसेल. ती बेलापूरला नांदायला आली तेव्हा बौद्धवाड्यातल्या बाया गावात विरजण मागायला गेल्या, तर गावातल्या बाया ते वरून टाकायच्या, भांड्याला भांडं लागू न देता. आणि बौद्धवाड्याचं विरजण वेशीच्या आत कुणीच कधी नेलं नाही. "लई चांगलं दही लागायचं माझं," ती म्हणाली, "पन पल्याडच्या घरात गेलंच न्हाई कदी."

 त्या दिवसापासून महेंद्रनं एक काम हाती घेतलं.

इंटरनेटवर तेव्हा जिकडेतिकडे इंग्रजी. मराठी वाचायची तर खास फॉन्ट हवा आणि तो सगळ्यांकडे कुठून असणार? महेंद्रनं ठरवलं की मराठीचं एकेक अक्षर बारीक चित्रासारखं बनवायचं, म्हणजे ते कुठल्याही मशीनवर दिसेल. आणि ते सगळ्यांना वाटून टाकायचं. पडद्यावरचं चित्र म्हणजे तरी काय, ठिपकेच. उभे सोळा, आडवे सोळा. पण महेंद्रचं अक्षर असं की डॉक्टरनंही हात टेकावेत. पडद्यावर काढलेला त्याचा 'क' बघून आई म्हणाली, "ह्यो क हाय का मोडलेली खाट?"

भागिरथी शाळेत गेलेली नव्हती. साक्षरतेच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती, पन्नाशीला टेकताना. पण रांगोळीत तिचा हात धरणारी अख्ख्या वसाहतीत नव्हती. सकाळी सडा झाला की ती अंगणात सोळा बाय सोळा ठिपके घाली. मग महेंद्र सांगेल ते अक्षर त्या ठिपक्यांवर चढवायची. कुठला ठिपका भरायचा, कुठला सोडायचा, हे तिचं ती ठरवी. "अक्षर कसं, पदर नीट घेतलेल्या बाईवानी हुबं राह्यलं पायजे," असं म्हणायची. महेंद्र उंबऱ्यावर बसून ठिपके मोजून मला सांगायचा आणि मी ते पोटात ठेवायचे. दुपारपर्यंत अंगणातली रांगोळी कोंबड्या विस्कटून टाकायच्या. कागद एकही नाही. जे काही होतं ते माझ्यापाशी. आठ महिने हे चाललं. ज्ञ, क्ष, श्र सगळी जोडाक्षरं झाली. कारखान्यातल्या हारांचं सोडा, माझ्या आयुष्यात मान म्हणावा तो हाच.

सगळं झाल्यावर महेंद्रनं फाइलीच्या डोक्यावर चार ओळी लिहिल्या: ही अक्षरं भागिरथी कचरू, राहणार नागापूर, यांच्या हातची आहेत. कुणीही घ्यावी. बदलावी. नाव तेवढं राहू द्यावं. आईनं त्या ओळी बोट लावून तीनदा वाचल्या. नंतर मला फडक्यानं पुसून काढलं, जसं कुणी घरातल्या पोरीचं तोंड पुसावं.

घरी फोन नव्हता आणि फोनच्या तारेशिवाय तेव्हा इंटरनेट नव्हतं. क्लासमध्ये होता. म्हणून महेंद्रनं एका फ्लॉपीत सगळं भरलं आणि हर्षल सरांना दिलं, की हे इंटरनेटवर चढवा. सरांनी पाठ थोपटली. महेंद्रकडच्या बाकीच्या फ्लॉपी मोजक्याच. त्या पुसून तो दुसरं काहीबाही भरत राहिला. कारण मी होते ना. माझ्यावर त्याचा भरवसा होता.

महिनाभरानं वर्तमानपत्रात बातमी आली. जिल्ह्याच्या तरुणाची करामत, इंटरनेटवर मराठी पान. शेजारच्या अश्विनीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. सातवीतली पोर ती, तिला काय ठाऊक. तरुण म्हणजे हर्षल सर. अक्षरांना नाव दिलेलं 'हर्षल'. भागिरथी कचरूचा कुठं पत्ता नाही.

महेंद्र दुसऱ्या दिवशी क्लासला गेला. परत आला तेव्हा चेहरा असा की भागिरथीनं पाणीसुद्धा विचारलं नाही. सर काय म्हणाले ते त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. फुकट दिलं होतंस ना, मग तक्रार कसली, हे आधी. मग खांद्यावर हात ठेवून, "हे बघ महेंद्र, नाव टाकलं की लोक विचारतात, कोण, कुठले, काय. कशाला तो विषय?"

भागिरथी ताडकन उठली. "दही गोड लागलं व्हय? आन् घर तेवढं सांगायचं न्हाई?"

महेंद्र म्हणाला, जाऊ दे. ती म्हणाली, जाऊ द्यायचं असतं तर बेलापुरातच दिलं असतं. सर सांगणार की अक्षरं माझीच. मग पुरावा कुठं होता? माझ्यापाशी. प्रत्येक अक्षर कुठल्या तारखेला केलं, ती तारीख माझ्यात नोंदलेली होती. वरच्या चार ओळी होत्या. रविवारी क्लासमध्ये सरांचा सत्कार होता, पुढारी आबासाहेब येणार होते. भागिरथी म्हणाली, चार लोकांत मशीनच नेऊन ठेवू. माणसाच्या तोंडाला लोक खोटं म्हणतील, मशीनला कोण म्हणेल?

मी फुलून गेले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. आता पहिल्यांदा मला खरं बोलायला नेणार होते.

रविवारी सकाळी महेंद्र रिक्षा बघायला गेला. आता काय झालं ते नीट ऐका. भागिरथीनं मला बघितलं. फटीफटींत वर्षभराची धूळ, चुलीचा धूर. सरांच्या त्या झकपक खोलीत, चार मोठ्या लोकांत, आपल्या घरची वस्तू मळक्या तोंडानं न्यायची? ते तिच्यानं होईना. हयातभर लोकांनी तिच्या घराला मळकं म्हटलं होतं. तिनं माझं झाकण काढलं, महेंद्रला काढताना बघितलं होतं तसंच. ओल्या फडक्यानं मला आतून पुसलं, कानाकोपरा, तारा, पाट्या, सगळं. आणि चकाकी यावी म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. झाकण लावलं. मी ओरडणार कशी? मला तोंड कुठं होतं?

क्लासमध्ये तीसेक माणसं होती. भागिरथी नवं लुगडं नेसून आली होती. तिनं सरांना नाही, थेट आबासाहेबांना सांगितलं की ही अक्षरं कुणाची ते आता ही मशीन सांगेल, तुम्ही फक्त वाचा. आबासाहेब भले, म्हणाले, दाखवा की. महेंद्रनं वायर जोडली, बटण दाबलं.

आतून चट् असा आवाज झाला. धूर निघाला. जळक्या खोबरेलाचा वास खोलीभर पसरला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, वडे तळताय का मावशी. मग सगळे हसले. हर्षल सर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "घ्या मावशी, दमला असाल." ते हसले असते तर बरं झालं असतं.

तिनं चहा घेतला नाही.

घरी आल्यावर महेंद्रनं झाकण उघडलं. त्याला वास आला, तेलाचा ओघळ दिसला, बोटाचा ठसा दिसला. त्याला सगळं कळलं. माझ्या पोटातली हार्ड डिस्क, जिच्यात सगळं साठवलेलं होतं, ती काढून कारखान्यातल्या मशीनला लावून बघितली, ती कायमची गेली होती. मग आईनं विचारलं, "कशानं मेली रं?"

तो बराच वेळ स्क्रू लावत बसला. म्हणाला, "जुनी हुती, आई. रिक्षाच्या धक्क्यानं गेली आसंल."

"ऐन टायमाला दगा दिला रांडंनं," भागिरथी म्हणाली. तेव्हापासून मी दगाबाज.

मी कधी काही बोलले नाही. बोलता आलं असतं तरी बोलले नसते. तिला खरं कळलं असतं तर ते तिला झेपलं नसतं, हे महेंद्रला कळलं आणि मलाही. पण कडवट वाटतं हो. मी आठ महिने तिचं एकेक अक्षर पोटात जपलं आणि आता तिच्या न्हाणीच्या दाराशी पडून आहे. येताजाता ती मला पायानं सरकवते. महेंद्रनं परत तशी अक्षरं काढली नाहीत. आईनं अंगणात ठिपके घातले तर तो उंबऱ्यावर येऊन बसत नाही, कामाला निघून जातो.

परवा अश्विनी आली. ती आता त्याच क्लासला जाते. तिच्या हातात छापलेला कागद होता. म्हणाली, "आजी, बघ किती सुरेख अक्षरं, आमच्या सरांनी काढलीत."

भागिरथीनं कागद घेतला. बोट फिरवत 'ळ' पाशी थांबली. म्हणाली, "ही गाठ माझ्या हातची हाय."

पोरगी मनापासून हसली. "आजी, तुला कुठं लिहिता येतं?"

भागिरथीनं कागदाची नीट घडी घालून तो तिला परत दिला. पोरीची चूक नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. आम्हा मशिनींना धुळीपासून जपा, पाण्यापासून जपा, ते तर खरंच. पण जे फुकट मिळतं ते बेवारस नसतं. त्याच्या डोक्यावर कुणाचं नाव होतं का, ते विचारा. आणि समोरचा विषय बदलू लागला, तर दुसऱ्यांदा विचारा.