मोरचुदाची खळ

किडे पुस्तक खात नाहीत, खळ खातात, हे दिनकर हिवाळे यांनी लुडविग्सहाफेनच्या चर्चच्या हॉलमध्ये ठणकावून सांगितलं, तेव्हा तिथल्या अकरा माणसांत मराठी समजणारा एकच होता, आणि तो त्यांचा जावई. बाकीचे जर्मन आजी-आजोबा कॉफीचे कप हातात धरून या एरवी गप्प बसणाऱ्या पाहुण्याकडे बघत राहिले.

समोरच्या पडद्यावर एफ्रेन होता. फिलिपिन्समधल्या एका बेटावरच्या सेमिनरीत तो पाळक होण्याचं शिक्षण घेत होता आणि तिथलं ग्रंथालयही सांभाळत होता. दर शनिवारी या हॉलमध्ये जमणारं मिशनमंडळ त्या सेमिनरीला पुस्तकं पाठवायचं. दोन वर्षांपूर्वी पाठवलेलं बायबलचं एक जाडजूड भाष्य एफ्रेनने कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. पुठ्ठ्याला आरपार भोक पडलं होतं आणि त्यातून एफ्रेनचा डोळा दिसत होता. तो हसत होता, पण ओशाळून. एवढ्या दुरून आलेली भेट आपल्याला सांभाळता आली नाही याची त्याला लाज वाटत होती. एकोणीस विद्यार्थी, आणि धड उरलेली भाष्यं चार.

"सांगा त्यांना, उज्ज्वलराव," दिनकरराव म्हणाले. "नुसत्या मैद्याची खळ म्हणजे किड्यांना जेवणाचं आमंत्रण. तिच्यात मोरचूद घातलं की तोंड लावत नाहीत. मी चौतीस वर्षं हेच केलंय."

उज्ज्वलने सांगितलं. तो तिथल्या केमिकल कारखान्यात केमिस्ट. नागपूरच्या बौद्ध घरातला, पण शनिवारी सकाळी सासऱ्यांना चर्चमध्ये घेऊन जायला आणि त्यांचं मराठी जर्मनमध्ये पोचवायला त्याला कधी अवघड वाटलं नव्हतं. त्याच्या बायकोची, प्राचीची, शनिवारी हॉस्पिटलात ड्यूटी असायची, त्यामुळे हे काम ठरल्यासारखं त्याच्याकडेच आलं होतं.

मंडळाकडे त्या वेळी एका दिवंगत प्राध्यापकांची इंग्रजी पुस्तकं येऊन पडली होती. छप्पन्न पुस्तकं, सगळ्यांच्या पाठी निखळलेल्या. ती पाठवावीत की टाकून द्यावीत यावर तीन आठवडे चर्चा चालली होती, आणि जर्मन माणूस चर्चेला बसला की तीन आठवडे काहीच नाहीत. दिनकररावांनी ती चर्चा एका वाक्यात संपवली. सगळी मी बांधून देतो, म्हणाले. हाम्बुर्गच्या बंदराकडे जाणारी गाडी महिनाभरात येणार होती.

परतताना गाडीत ते अखंड बोलत होते. नगरच्या मिशन छापखान्यातलं बाइंडिंग खातं, छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, म्हणजे फर्म्यांच्या, घड्या घालायला बसणाऱ्या बायका, त्यांतच बसलेली मनोरमा, पुढे तिच्याशी झालेलं लग्न. उज्ज्वलला सासूबाई फक्त फोटोतून आणि आजारपणातून माहीत होत्या. त्या गेल्यावर प्राचीने वडलांना इकडे आणलं, त्याला दोन वर्षं झाली होती. इथं त्यांना काही कमी नव्हतं. ऊन पाणी होतं, टीव्हीवर मराठी चॅनेल होतं, खिडकीतून ऱ्हाइनवरच्या बोटी दिसत होत्या. फक्त करायला काही नव्हतं, आणि ज्या माणसाचे हात चौतीस वर्षं चालले त्याला ते फार लागत होतं. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

मग घराची रयाच गेली. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं, सोफ्यावर पुठ्ठे, बाथरूमच्या दोरीवर कापडाच्या पट्ट्या. दाभण, घड्या दाबायची हाडाची पट्टी आणि लाकडी मुठीची सुरी ट्रंकेतून बाहेर आली. फर्म्याफर्म्याला दोरा घालून शिवायची ती जुजबंदी त्यांनी पहिल्या दिवशी चष्मा पुसत पुसत केली, आणि चौथ्या दिवसापासून न बघता करू लागले. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, उज्ज्वलनेच मागवून दिलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यानेच मोजून दिलं. निळसर खळ रटरटायला लागली की दोघं पातेल्यावर वाकून उभे राहायचे. प्राचीने त्या पातेल्यावर लाल रंगाची मोठी फुली मारली आणि यात दूध तापवणाऱ्याला घराबाहेर काढीन अशी धमकी दिली. जेवायला तिघं किचनमधल्या स्टुलांवर बसत होती, पण तक्रार कोणाचीच नव्हती. सासरे सकाळी सहाला उठून शीळ घालत होते.

गाडी गुरुवारी यायची होती. मंगळवारी दुपारी मंडळाच्या प्रमुख, फ्राउ लेनर्ट, काम बघायला घरी आल्या. एक्केचाळीस पुस्तकं पूर्ण झाली होती, उरलेली पंधरा शिवून खळीची वाट बघत होती. त्यांनी एक उचललं, उघडलं, मिटलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि खूश होऊन 'या, या', म्हणजे हो, हो, करत मान डोलावली. मग त्यांना फुली मारलेलं पातेलं दिसलं. बाई चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवून निवृत्त झालेल्या. पातेल्याच्या काठावर वाळलेली निळी रेघ त्यांनी नुसती पाहिली आणि ते काय आहे हे उज्ज्वलला विचारलंसुद्धा नाही, सांगितलं.

त्यानंतरचं बोलणं जर्मनमध्ये झालं. लांब चाललं, आवाज कोणाचाच चढला नाही. दिनकरराव दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. उज्ज्वलची मान खाली गेली तेव्हा त्यांना अर्धं कळलं.

"पप्पा, आल्झो... म्हणजे..." उज्ज्वल म्हणाला. "रसायन लावलेला माल पेटीत नाही, असं त्यांना त्सोलच्या, म्हणजे कस्टमच्या, फॉर्मवर सहीने लिहून द्यावं लागतं. आणि सही सोडा, त्या म्हणतात, विष लावलेली वस्तू चिठ्ठीशिवाय मी आयुष्यात कोणाच्या हातात दिली नाही. तिकडची मुलं बोटाला थुंकी लावून पानं उलटतील."

"किती विष? चिमूटभर. तुम्हीच मोजलंत ना?"

"चिमूटभरच आहे. पण मी त्यांच्या जागी असतो तर मीही सही केली नसती."

"मग मला तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्हाला इतकं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं, पप्पा. मी विचारच केला नाही."

दिनकररावांना राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. ते उठून बाल्कनीत गेले. एक्केचाळीस पुस्तकं इथंच राहणार, आणि सोमवारपासून आपण पुन्हा बोटी मोजत बसणार, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. आत फ्राउ लेनर्ट पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्यांचाही पाय निघत नव्हता.

दहा मिनिटांनी दिनकरराव आत आले. एफ्रेनला फोन लावा, म्हणाले, आणि तिकडे मोरचूद मिळतं का ते विचारा.

एफ्रेनला आधी प्रश्नच कळेना. मग तो मोठ्याने हसला. त्याचे वडील टोमॅटो लावत होते, आणि टोमॅटोवर रोग पडला की मोरचूदच फवारत होते. गावोगावच्या शेतीच्या दुकानात ते मिळत होतं, आणि हात धुतल्याशिवाय जेवायचं नाही हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"मग झालं तर," दिनकरराव म्हणाले. "आपण खळ पाठवायचीच नाही. पुस्तकं शिवून पाठवू, पुठ्ठे आणि कापड मापाने कापून वेगळं बांधू. खळ ती पोरं तिकडे करतील, घालायचं ते समजून घालतील. कशी करायची ते मी शिकवतो."

फ्राउ लेनर्टनी हे ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाल्या. सूचनांची चिठ्ठी मी स्वतः लिहीन, हातमोजेही पेटीत घालीन, असंही म्हणाल्या. मग त्यांची नजर एक्केचाळीस पुस्तकांच्या थप्पीकडे गेली आणि त्या थांबल्या. दिनकररावांनी वरचं पुस्तक घेतलं, पाठीवर ओला फडका ठेवला, आणि सुरीला धार लावायला बसले.

बुधवारी सकाळी मंडळातल्या पाच बायका ॲप्रन बांधून हजर झाल्या. दिनकरराव मराठीत हुकूम सोडत होते आणि त्या बिनचूक पाळत होत्या. फडका ठेवायचा, अर्धा तास थांबायचं, पुठ्ठा सोडवायचा, खळ हलक्या हाताने खरवडायची, दोऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही. महिनाभराचं काम स्वतःच्या हाताने उसवताना वाईट वाटत होतं, आणि पाच बायका आपल्याकडे बघून तसंच करताहेत याचा आनंदही लपत नव्हता. प्राची रजा टाकून सगळ्यांना पोहे करून घालत होती. दुपारी चारला शेवटचं पुस्तक उघडं झालं, आणि गुरुवारी छप्पन्नच्या छप्पन्न पुस्तकं गाडीत चढली.

पेटी पोचायला अडीच महिने लागले. मग दर शनिवारी दहाच्या ठोक्याला, तिकडे दुपार असताना, एफ्रेन आणि आठ विद्यार्थी पडद्यावर रांगेत बसू लागले. त्यांच्या रीतीप्रमाणे ते दिनकररावांना सर दिनकर म्हणत. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने खिरीसारखी पातळ खळ केली आणि सगळं बाक निळं झालं. एफ्रेनचं पहिलं पुस्तक तर असं तिरकं बसलं की टेबलावर उभं राहीना. दिनकरराव परत, एवढंच म्हणायचे. तो शब्द पोरांना इतका पाठ झाला की सरांच्या आधी तीच एका सुरात परत म्हणायची आणि हसत हसत पाठ उसवायची. छप्पन्न पुस्तकं संपली तेव्हा एफ्रेनने नवंच काढलं. डोंगरातल्या गावांत लहान लहान चर्च होती, आणि प्रत्येकात गायनाची पुस्तकं पावसाळ्यात कुजत होती. सेमिनरीची मुलं रविवारी सेवेला जाताना आता दाभण बरोबर नेऊ लागली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी एफ्रेन अशाच एका गावातून बोलला. त्याच्या शेजारी बाकावर एक म्हातारी बसली होती. इथं फोन लागतो, पुढच्या गावांत लागत नाही, त्यामुळे ख्रिसमसपर्यंत वर्ग होणार नाहीत, असं त्याने सांगितलं. आणि मग एक गायनाचं पुस्तक दाखवलं. हे मी बांधलेलं नाही, म्हणाला, या आजींनी बांधलंय.

दिनकरराव पडद्याला नाक लावून बसले. पाठ दाखव, म्हणाले. कोपरे दाखव. मधोमध उघड, आता सोडून दे. पुस्तक आपोआप सपाट पडलं. दोरा बघितला, कापडाची दुमड बघितली. त्यांना परत म्हणायचं होतं, म्हणजे निदान तेवढा वेळ तरी फोन चालू राहिला असता. पण परत म्हणण्याजोगं त्यात काही सापडेना.

"नीट आहे," ते म्हणाले.

उज्ज्वल इंग्रजीत सुरू झाला. फारच सुंदर, सरांना अतिशय अभिमान वाटतोय, वगैरे. दिनकररावांनी त्याच्या दंडाला हात लावला.

"एवढं नाही म्हणालो मी. आमचे फोरमन मला नीट आहे असं चौतीस वर्षांत दोनदाच म्हणाले होते. नीट आहे, एवढंच सांगा."

उज्ज्वलने एवढंच सांगितलं. एफ्रेनने ते आजींना त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हातारी बाकावरून उठून उभी राहिली, तिने दोन्ही हात स्कर्टला पुसले आणि पुस्तक परत आपल्याकडे घेतलं. मग इकडे दिनकररावही उठून उभे राहिले.