गवंड्याच्या काखेतली कुबडी

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. मला कुणी हौसेने घरी आणत नाही. सुताराने माझ्याच लाकडाच्या दुसऱ्या तुकड्याचा पाळणा केला आणि माझ्या वाट्याला माणसाची काख आली.

ती काख एका गवंड्याची. परांचीवरून पडून त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला होता. त्याआधी तो प्रार्थनामंदिरात पुढे उभा राहून प्रार्थना चालवायचा. त्याच्या खणखणीत आवाजाने पेंगणारी माणसेही सावरून बसायची. पाय बरा व्हावा म्हणून त्याने देवाची रडूनरडून विनवणी केली. पाय काही बरा झाला नाही.

प्रार्थनेच्या मंडळीतले एक काका भेटायला आले आणि चहा पितापिता म्हणाले, "विश्वास कमी पडला असेल, भाऊ."

तेव्हापासून माझा धनी मान खाली घालून जगू लागला. रविवारी प्रार्थनेला न जाता तो पांघरूण ओढून पडून राही. पाहुणे आले की मला दाराआड लपवी. मलाही मेल्याहून मेल्यासारखे होई. त्याचा विश्वास तोकडा पडल्याचा पुरावा मीच होते ना!

शेवटी बायकोच्या आग्रहाने तो एका रविवारी प्रार्थनामंदिरात गेला. मला दारातच, छत्र्यांच्या कोपऱ्यात ठेवले आणि तिचा खांदा धरून मागच्या बाकावर बसला. मंडळीचे धर्मगुरू, पाळक, म्हणाले, "प्रार्थनेला उभे राहू या." बायकोने खांदा पुढे केला, त्याने नको म्हटले. क्षणभर राहिला उभा, आणि भर प्रार्थनेत धाडकन कोसळला. मिटलेले सगळे डोळे उघडले.

"देवानं सोडलं मला," तो जमिनीकडे पाहत पुटपुटला. "माझ्यात विश्वासच नाही."

बायको मला घेऊन आली. "काखेत कळसा नि गावाला वळसा," ती हळूच म्हणाली. "एकट्यानं उभं राहून दाखवायचं, याला कधीपासून विश्वास म्हणायला लागलात? ज्याला उभं राहता येत नाही, तोच भार टाकतो. टाका."

त्याने टाकला. आजवर तो मला नुसता धरून चालत होता. त्या दिवशी पहिल्यांदा सगळा भार आला. मी करकरले, पण टिकले.

तो मोठ्याने म्हणाला, "प्रभू, पाय बरा केला नाहीस. का, ते मला कळत नाही. रागही गेला नाही. पण मी तुझा हात सोडला तरी तू माझा सोडला नाहीस, म्हणून इथवर आलो."

काकांची मान आता खाली गेली होती. मला त्यांची कीव आली, कारण शरम कशी पोळते ते मला ठाऊक होते.

मित्रांनो, माझ्या टोकाचे रबर झिजले आहे, ते कुणीतरी बदलेल. माझे मागणे वेगळे आहे. माझ्यासारखीला काखेत घेऊन कुणी दारात आले, तर त्याच्या विश्वासाचे माप काढू नका. बाकावर जरा सरका.