यकृताची साक्ष

पॉलिशकाकांनी दारू सोडून सहा वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट त्यांच्या लेकीखेरीज अख्ख्या गल्लीला मान्य होती. लेक दर रविवारी नातीला घेऊन यायची, बापाचा वास घ्यायची आणि मगच बसायची. बाकीचे सहा दिवस काकांना बोलायला पॉलिशला आलेल्या खुर्च्या आणि कपाटं. ती कुठली बोलतात डोंबलाची!

मग थकवा जाईना, अन्नावरची वासना उडाली, म्हणून रक्त तपासलं. रिपोर्ट मेला नेमका लेकीच्या हाती पडला. यकृताची एन्झाइम्स चौपट. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तर बालपणच पोळलेलं. ती ओरडली नाही. पुन्हा सुरू केलीत म्हणा, एवढंच बोलली, आणि आकडे खाली येईपर्यंत पोरीला आणणार नाही असं सांगून गेली. काकांनी शपथा घेतल्या. पण याआधी मोडलेल्या शपथा थोड्या का होत्या? लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याचं जे होतं, तेच झालं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. ही एन्झाइम्स यकृताच्या पेशींच्या आत राहतात. पेशींना इजा झाली की रक्तात झिरपतात. यकृताला मार बसलाय एवढंच आकडे सांगतात, कुणी मारलं ते सांगत नाहीत. दारू असेल, चरबी असेल, काविळीचा विषाणू असेल, एखादं औषधही असेल.

"काका, खरं सांगा, पोटात काय काय जातं?"

दारूचा थेंब नाही, औषधही नाही, काका छातीठोक म्हणाले. खांद्यासाठी दुखण्याच्या गोळ्या तेवढ्या, दिवसाला आठ-दहा, पण ते काय औषध झालं? आणि ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या आणि थिनरच्या वासात दिवस काढायचा, हे तर तीस वर्षांचं. बाईंनी कपाळाला हात लावला. दोन्ही बंद, म्हणाल्या, आणि महिन्यानं पुन्हा तपासू.

काकांनी ब्रश धुऊन ठेवले. खांदा ठणकायचा, घर खायला उठायचं. नातीसाठी केलेली छोटी खुर्ची अर्ध्या पॉलिशवर अडकली होती. रविवार आला की काका ती उगाच पुसून दाराजवळ ठेवायचे. चार रविवार त्यांनी असे काढले.

महिन्यानं आकडे जवळजवळ जागेवर आले. काकांनी दवाखान्यातूनच लेकीला फोन लावला. गोळ्या, थिनर, खिडक्या, सगळं कसं सांगायचं ते पाठ केलं होतं. पण आकडे ऐकताच लेकच बोलली.

"बघितलंत ना बाबा? महिनाभर सोडलीत, तर केवढा फरक पडला."

केवढा राग आला काकांना, केवढं रडू आलं. तेवढ्यात पलीकडून नातीचा आवाज आला, आजोबांकडे कधी जायचं म्हणून विचारत होती.

"हो गं," काका म्हणाले. "चुकलंच माझं. सोडली आता. रविवारी येताय ना?"

येतो म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदाच लेकीचा बापाच्या शब्दावर विश्वास बसला होता.