कोरड्या कुंडाचं तीर्थ

कुंकवात पाणी थोडं जास्त झालं, की जाड कागदावर अक्षराची कड फुटते. काडी टेकते तिथं आधी गडद ठिपका उमटतो, मग कागदाच्या धाग्याधाग्यांतून लाल रंग बाहेर सरकतो, आणि वाळल्यावर अक्षर सुजल्यासारखं दिसतं. गेल्या वर्षीच्या रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर श्रींचा असा डोंगर होता. वर एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन. वरचे श्री सगळे फुटलेले. सगळ्यांत खालच्या ओळीतले तेवढे नीट, बारीक आले होते. तोवर काडीवर किती कुंकू घ्यायचं ते शकुबाईला समजलं होतं.

तिनं ती वही मिटली. यंदाची नवी वही पाटावर मांडून ठेवली होती आणि बाहेर गादीवर लोक जमत होते.

शकुबाई ही मारोतरावांच्या धाकट्या भावाची विधवा. दिग्रसच्या कापूसबाजारात मारोतरावांची आडत होती. आडतीची लिखापढी तिचा नवरा बळीराम करायचा. ती मॅट्रिक झालेली. जमाखर्च तिला त्यानंच शिकवला, आधी गंमत म्हणून, मग सोबत म्हणून. तो गेल्यावर वह्या आपोआप तिच्याकडे आल्या. पगाराचा विषय कुणी काढला नाही. घरच्या बाईला पगार कसला? गादीच्या मागे बांबूचा तट्टा लावून तिला बसायला जागा करून दिली, एवढंच.

त्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नसे, आणि भासऱ्यानंही तिच्याशी. मारोतरावांना काही हवं असलं की ते तट्ट्याकडे पाठ करून हवेत बोलत, ‘म्हणा तिले, जिनिंगचं बिल काढून ठेव.’ निरोप पोचवायला मध्ये कुणी नसलं तरी ‘म्हणा तिले’ असेच. ती उत्तर चिठ्ठीवर लिहून तट्ट्याखालून सरकवी. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांना एक शब्द ऐकवला नव्हता.

आणखी एक रिवाज होता, तो घराचा नव्हे, बाजाराचा. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर जो श्री लिही, त्यानं पुढच्या लक्ष्मीपूजनापर्यंत ती वही सोडायची नाही. मध्येच सोडली तर वही उष्टी झाली म्हणत. बळीरामला टायफॉइड झाला तेव्हा त्याला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. सीझन ऐन भरात होता. मारोतराव त्याच्या खाटेशी आले आणि एवढंच म्हणाले, “श्री कोनं लिव्हला होता?” बळीराम ताप अंगात घेऊन गादीवर जाऊन बसला. होळीच्या आत तो गेला.

नागपूरला शकुबाईचा भाऊ होता. त्याला तिनं दोनदा विचारलं, मी तिकडे येऊ का. त्यानं नाही म्हटलं नाही. नोकरी हातात घेऊन ये म्हणाला. नुसती आलीस तर तुझ्या वहिनीला मी काय सांगू, असंही म्हणाला. शकुबाईला त्याचा राग आला नाही. अट तरी स्पष्ट होती. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, नागपुरातच धंतोलीतल्या एका बायकांच्या दवाखान्याला हिशेब लिहायला बाईमाणूस हवं आहे, हे त्यानंच कळवलं, तेव्हा तिनं घरी कळंबच्या चिंतामणीला जाते म्हणून सांगितलं. कळंबला तिची मावशी होती, मुक्कामाला अडचण नव्हती. जावेनं, तानाबाईनं, लगेच एक छोटी बाटली तिच्या हातात दिली आणि देवळातल्या कुंडाचं तीर्थ आणायला सांगितलं.

यष्टी कळंबच्या थांब्यावर थांबली तेव्हा शकुबाई खिडकीतून देवळाच्या दिशेला हात जोडून तशीच पुढे गेली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला महिन्याभराची पावतीबुकं दिली, जमाखर्च मांडायला लावला, आणि चहा संपायच्या आत विचारलं, “दिवाळी झाली की येता?” ती हो म्हणाली. परत निघताना बाटलीची आठवण झाली. दवाखान्याच्या अंगणातल्या नळाखाली तिनं ती भरून घेतली. पाणी ते पाणी, असा विचार तिनं केला. तिच्या आयुष्यातली ही एकच बेहिशेबी गोष्ट.

तानाबाईनं बाटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

“कुंडात पानी कुठवर होतं वं?”

“दुसऱ्या पायरीपर्यंत.”

“असं काय,” तानाबाई म्हणाली, आणि बाटली देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

कुंड त्या वर्षी कोरडं होतं. शेजारच्या बायका चारच दिवसांपूर्वी कळंबला जाऊन आल्या होत्या, तळाची माती हाताला लावून परतल्या होत्या, आणि सगळ्या आळीला ते माहीत होतं. शकुबाईला तेव्हा नव्हतं, कारण ती तट्ट्यामागे बसून असे. घरात कुणी आवाज चढवला नाही. कुठं गेली होतीस असंही विचारलं नाही. नागपूरचं नाव मारोतरावांना कुठून कळलं हे तिला कधीच समजलं नाही, पण कळलं असणार.

त्या लक्ष्मीपूजनाला ती नेहमीसारखी चुलीपुढे होती. विधवेनं पूजेच्या जागी यायचं नसे; बळीरामनंतर श्री मारोतरावच लिहीत आणि वही नावाला त्यांची असे. तानाबाई आत आली आणि म्हणाली, चल, तुले बाहेर बलावून राह्यले. गादीवर सगळा बाजार बसलेला. मारोतराव भिंतीकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “म्हणा तिले, वर्षभर वही थे लिव्हते, त श्री बी तिनंच लिव्हावा. आमी जुन्या चालीचे नाही.”

शेजारचे आडते पंजाबराव यांनी मान डोलावली. लक्ष्मीच्या वहीले लक्ष्मीचाच हात लागला म्हणाले. बळीरामनंतर त्या घरात तिला कुणी हळदीकुंकवाच्या ताटाजवळ उभं केलं नव्हतं. शकुबाईचे डोळे भरून आले, काडी ओली झाली, आणि वरचे श्री फुटले. शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत डोळे कोरडे झाले होते, आणि आपण काय करतो आहोत ते तिला लख्ख दिसलं होतं. तरी तिनं ओळ पुरी केली. बळीरामनं ज्या शब्दाखातर जीव दिला, तो आपण अर्ध्यात टाकायचा कसा? मारोतरावांनी बरोबर तेवढंच धरलं होतं. डॉक्टरीणबाईंना तिनं येता येत नाही म्हणून कळवलं. त्यांनी दुसरा माणूस ठेवला.

मग ते वर्ष गेलं. दर संकष्टीला चंद्र उगवला की तानाबाई देव्हाऱ्यातली बाटली काढी, तीर्थाचा एक थेंब शकुबाईच्या तळहातावर सोडी आणि ती तो जिभेला लावीपर्यंत समोर उभी राही. “घे माय. कुंड भरलं होतं नं तवाचं आहे.” बाकी कुणाला ती त्यातलं देत नसे. स्वतःही घेत नसे. बाटलीचा तळ हिरवट झाला होता. शकुबाई थेंब घेई आणि कामाला लागे.

माघात वखारीतला कापूस खराब झाला. वजन वाढावं म्हणून गंजीवर पाणी मारलं होतं; कुणी मारायला सांगितलं ते हमालांना माहीत होतं, गाडीवानांना माहीत होतं. ओली गंजी आतून तापते. हात घातला तर चटका बसावा इतकी तापली, आणि उघडली तेव्हा रुई हळदीसारखी पिवळी निघाली. बाजारात बातमी गेली ती वेगळीच. मारोतराव गादीवर म्हणाले, श्री कोनत्या हातानं लिव्हला होता थे तुमाले ठाऊकच आहे. पंजाबराव हसले. “बिनबांगड्याच्या मुंड्या हातानं लिव्हाल त लक्ष्मी काहून थांबन भाऊ?” लक्ष्मीचा हात म्हणणारे तेच. शकुबाई तट्ट्यामागे होती. तिनं खराब मालाची नोंद त्या तारखेला टाकली, कारण वही तिची होती.

आता या दिवाळीच्या तोंडावर भावाचं कार्ड आलं होतं. दवाखान्यातला माणूस रेल्वेत लागला होता आणि डॉक्टरीणबाईंनी तिचंच नाव काढलं होतं. पाडव्याला ये, नाहीतर नाही म्हणून कळव, असं त्यात होतं. कार्ड येऊन पंधरवडा झाला. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं सांगितलं नाही. लुगडी घडी करून ठेवली, पुन्हा सोडली. मारोतराव यंदा मुलाला नाहीतर पंजाबरावांच्या मुनिमाला श्री लिहायला बसवतील असं तिला वाटत होतं. ज्या हातानं माल पिवळा झाला, त्या हाताला यंदा वहीजवळ कोण येऊ देईल? म्हणजे त्यांनीच सोडलं असं होईल, आणि आपल्याला बोलायची वेळ यायची नाही. या आशेवर तिनं पंधरवडा काढला होता.

तानाबाई दारात येऊन उभी राहिली. “चल वं. बलावून राह्यले.”

गादीवर तेच लोक होते. पंजाबरावही होते, गेल्या वर्षीच्याच जागी. कुंकवाची वाटी भरलेली होती, काडी नवी होती. मारोतराव भिंतीकडे बघत म्हणाले, “म्हणा तिले, लिव्ह म्हणा.”

त्यांच्या आवाजात शंका नव्हती, भीती तर नव्हतीच. आपल्या हाताचा विटाळ त्यांनी एक दिवसही खरा मानला नव्हता, हे शकुबाईला त्या क्षणी कळलं. मानला असता तर तिनं त्यांना माफ केलं असतं.

ती पाटाजवळ गेली. काडी उचलली आणि वाटीवर आडवी ठेवली. मग डोक्यावरचा पदर तसाच ठेवून तिनं मान वर केली आणि मारोतरावांकडे पाहिलं. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे तिला ठाऊक नव्हतं. तशी वेळ कधी आली नव्हती. म्हणून तिनं हाक न मारताच बोलायला सुरुवात केली. आवाज घोगरा निघाला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“मागच्या श्रीचं वर्ष आज पुरं झालं. देव्हाऱ्यातली बाटली ओतून टाका, ते पाणी नागपूरच्या नळाचं आहे. मी तिथं नोकरीला जाते. उद्या, पहिल्या गाडीनं.”