न शिजवलेला चोथा

नाबे आजीची सत्त्याण्णवी झाली, बेटाच्या रिवाजाप्रमाणे हातात कागदी भिरभिरं देऊन तिला उघड्या गाडीतून गावभर मिरवलं, त्याच वर्षीची ही गोष्ट. भिरभिरं अजून तिच्या अंथरुणाशी खोचलेलं होतं, आणि गोठ्यात शिरो शेळी पोट फुगून आडवी पडली होती.

"काय खाल्लं हिनं?" कामादोने विचारलं. कामादो नाबेची सून. टोफू विकून ती आत्ताच परतली होती. डोक्यावरची टोपली अजून उतरवली नव्हती.

कामादोची सून चिझुरु शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "चोथा. सकाळचा."

"हंड्यातला?"

"नाही, फडक्यातला. आमच्याकडे तसाच घालतात."

कामादोने टोपली खाली ठेवली. चिझुरु समुद्रापलीकडच्या कागोशिमाची. तिकडे टोफू करताना वाटलेलं सोयाबीन आधी उकळतात, मग पिळतात. चोथा शिजूनच हाती येतो. या बेटावर आधी पिळायचं, मग दूध उकळायचं. चोथा कच्चाच राहतो आणि तो वेगळा शिजवल्याशिवाय जनावरापुढे ठेवत नाहीत. हे इथे कोणी कोणाला सांगत नाही. विस्तवात हात घालू नये, हे तरी कोण सांगतं?

त्यात वादळाने पेंडीची बोट अडली होती. खाऱ्या वाऱ्याने सुबाभळीचा पाला करपून गेला होता. शेळी गाभण, तिच्या अंगात ताकद यावी म्हणून चिझुरुने ओंजळी भरभरून चोथा घातला होता. उन्हात तो आंबलाही असणार.

"गोडेतेल आण," कामादो म्हणाली. "आणि आजीला काही बोलू नको."

युद्ध संपलं तेव्हा गावात खूर असलेलं एकही जनावर उरलं नव्हतं. परदेशी गेलेल्या भाऊबंदांनी बोटीतून शेळ्या पाठवल्या, त्यातली एक नाबेच्या वाट्याला आली. तिच्या वंशातली शिरो शेवटची. आजी आता अंथरुणावरून उठत नसे, पण रोज विचारायची, व्याली का गं?

त्यांनी तेल पाजलं. तोंडात आडवी काठी बांधली, म्हणजे शेळी चघळत राहील आणि वारा सुटेल. पुढचे पाय चढावर येतील असं तिला उभं केलं. चिझुरु डावी कूस चोळत राहिली. कूस नगाऱ्यासारखी ताठ होती.

शेजारचा झेनकिची टॉवेलात सुरी गुंडाळून आला.

"कामादो, श्वास आहे तोवर मानेवर फिरवू दे. मेलेल्या शेळीचा रस्सा माझं कुत्रंही खायचं नाही."

"तुझं कुत्रं तुझ्यापेक्षा चोखंदळ आहे. पाय धर तिचे."

त्याने सुरी कोनाड्यात ठेवली आणि मुकाट्याने पाय धरले. शिरोने एकदा मोठी ढेकर दिली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुशीवरचा ताण जरासा ढिला झाला, मग पुन्हा चढला. ऊन उतरायला लागलं तसे शेळीचे गुडघे दुमडले. जीभ निळी पडली.

घरातून बारीक आवाज आला, "व्याली का गं?"

चिझुरुचा हात उजव्या कुशीवर थांबला. "आई, आत हलतंय."

कामादोने आपला हात तिथे ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "झेनकिची, सुरी घे."

"रश्शासाठी आणली होती मी," तो हळूच म्हणाला. "आधी मान. मग पोट. हात मात्र पटकन चालला पाहिजे. पिल्लू कोण ओढणार?"

"मी," चिझुरु म्हणाली.

कामादोने तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे होऊन तिच्या बाह्या दंडापर्यंत बांधून दिल्या.

पहिला बोकड निघाला. त्याने श्वास घेतलाच नाही. दुसरं पिल्लू चिकट, लुळं. चिझुरुने त्याच्या तोंडातला बुळबुळीतपणा बोटाने काढला, मागचे पाय धरून उलटं टांगलं, उसाच्या पाचटाने खसाखसा पुसलं. काही होईना. ती पुसतच राहिली. झेनकिची म्हणाला, "राहू दे आता, पोरी." तेवढ्यात पिल्लू शिंकलं.

"पाट आहे," कामादो म्हणाली. "मादी आहे." ती शिरोपाशी बसली आणि अंग गार पडायच्या आत कासेतला चीक वाटीत काढू लागली. पिल्लू तिने हातात घेतलं नाही. "तूच ने आत."

आजीने डोळे न उघडता करडाच्या कानांवरून, पाठीवरून हात फिरवला. पाचटाने केस उलटसुलट उभे राहिले होते.

"हिला आईनं चाटलेलं नाही," ती म्हणाली.

मागून कामादो वाटी घेऊन आली. आजीने वाटी चाचपली, आपलं बोट चिकात बुडवलं आणि करडाच्या तोंडात दिलं.

"ओढते," ती म्हणाली. "हे संपलं की काय पाजशील, नातसूनबाई?"

"दूध आणीन, आजी. उकळून."

"उकळून," आजी म्हणाली.

झेनकिचीने सुबाभळीखाली खड्डा खणला. रश्शाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

भिरभिऱ्याचा कागद करडाने डिसेंबरातच खाऊन टाकला. आजी हसत बघत होती म्हणे. काडी तेवढी उरली. नाबे आजी जानेवारीत गेली, ऊसतोड सुरू झाली त्या आठवड्यात, दुपारच्या झोपेत.