आबकारीचं दार

“पंतोजी, पाटी वाचा की. कोन्चं दार आपलं?” धुळाजीनं विचारलं.

मोमिनाबादच्या तहसील कचेरीला तीन दारं होती आणि तिन्हींवर उर्दू पाट्या. बद्रीनाथ पंतोजींना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. पण घाटनांदुरात निम्म्या गावाला अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली. हा धुळाजीही लहानपणी त्यांच्या छड्या खाऊन मोडी शिकलेला. त्याच्यासमोर ‘येत नाही’ म्हणायला जीभ रेटेना. मधल्या दाराकडं बोट करून ते म्हणाले, “हेच.”

दोघं तिथं बसले. पंतोजींच्या उपरण्यात गावाची अर्जी होती. सरकार गावात मदरसा, म्हणजे उर्दू शाळा, काढणार होतं; तो नको, पंतोजींची शाळाच बरी, असं तिच्यात होतं. मदरसा आला की मारुतीच्या देवळातली आपली शाळा मोडणार, हे पंतोजींना पक्कं ठाऊक होतं. शाळेशिवाय त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलंच नव्हतं. अर्जी त्यांनी स्वतः मोडीत लिहिली होती, फार सुरेख. कचेरीत ती कोण वाचणार, हा विचार काही त्यांच्या मनात आला नव्हता.

त्या दाराशी येणारी माणसं मात्र जरा निराळी होती. डोळे तांबारलेले, बोलणं हातघाईवरचं. एकानं आपुलकीनं विचारलं, तुमचं कुठं चालतं? पंतोजींना वाटलं, शाळेचंच विचारतोय. मारुतीच्या देवळात, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा तो कानाला हात लावून उठून गेला.

दुपारी चपराशानं हटकलं, तेव्हा उलगडा झाला. हे आबकारीचं दार. इथं दारूचे मक्ते मिळायचे. अर्ज्यांचं दार शेजारचं, आणि ते आता बंद झालं होतं. चपराशी पोट धरून हसला. धुळाजी हसला नाही, आणि त्याचंच पंतोजींना जास्त लागलं.

परतीच्या वाटेवर धुळाजी गाडी हाकत होता. पंतोजी म्हणाले, “धुळाजी, मी तुला काय शिकवलं रे?”

“लई शिकवलं की. मोडी, पावकी, दिडकी. बाजारात मला कुनी फशिवत न्हाई.” धुळाजी बैलांकडं बघत राहिला. “कचेरीत मातर मी मुका. आज तुमी बी व्हता संगं.”

तो रागानं बोलला नव्हता. पण पंतोजींना स्वतःची लाज वाटली. उद्या याच कचेरीच्या दारात उभं राहायचं होतं शाळेतल्या पोरांना, आणि आपण त्यांना गावाच्या वेशीपर्यंतचंच शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी ते अर्जी घेऊन गेलेच नाहीत. मोहनराव पाटलांनी विचारलं, तर म्हणाले, “मदरसा येऊ द्या. पोरं धाडा तिकडं.”

“अन् तुमी कुठं जाता मग?”

“तिथंच.”

पाटलांना ती थट्टा वाटली.

पोळ्यानंतर मदरसा सुरू झाला. मौलवीसाहेब वयानं पंतोजींच्या मुलासारखे. पंतोजी दारात दिसताच पोरं सवयीनं उठून उभी राहिली. मौलवीसाहेबही उठले आणि आपल्या बैठकीकडं हात करून या म्हणाले. पंतोजी तिकडं गेले नाहीत. शेवटच्या ओळीत त्यांनी मांडी घातली.

पोरं अजून उभीच होती. “बसा,” पंतोजी म्हणाले, आणि पाटी मांडीवर घेतली.

मौलवीसाहेबांनी पहिलं अक्षर काढून दाखवलं. पंतोजींनी लेखणी पाटीच्या डाव्या कडेला टेकवली, जरा थांबले, आणि उचलून उजव्या कडेला नेली.